पलीकडे गेलेला शर्ट

शिक्का वर गेला आणि खाली आलाच नाही. काचेपलीकडच्या बाईचा हात पासपोर्टच्या वर वीतभर अंतरावर थांबला, आणि फिकुनच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं. पहाटेपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चार वाजता उठून तिने चिकट भात वाफवायला ठेवला होता, केस दोनदा धुतले होते, आणि नोङखायच्या बाजारातून आणलेला पोपटी शर्ट नवऱ्याला घालायला लावून त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या होत्या. खिमलालला तो रंग बिलकूल पसंत नव्हता. आरशात बघून तो म्हणाला होता, "आमच्या बागलुङमध्ये पाखरं हाकलायला शेतात असं काहीतरी उभं करतात." तरी त्याने निमूट घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं, आणि आता सरहद्दीच्या पुलाच्या तोंडाशी, नऊच्या उन्हात, त्या शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. मागे रांग होती. रांगेत कुणाच्या हातात झेंडूच्या माळा, कुणाच्या डोक्यावर मेणबत्त्यांची खोकी. सगळ्यांना पलीकडे जायचं होतं. आणि त्या बाईचा हात अजून हवेतच होता.

"ताई, हा तुमचा नवरा?"

"हो," फिकुन एवढ्या जोरात म्हणाली, की मागचे दोघेतिघे हसले. नवरा होऊन चाळीसच दिवस झाले होते, आणि कुणी विचारलं की तिला अजून गोड वाटायचं.

"परत हवाय ना तुम्हाला?"

"म्हणजे?"

"हवा नसेल तर मारते शिक्का. अशाही येतात बायका." बाई हसली नाही, पण तिच्या गालात काहीतरी हललं. "याचा थाई व्हिसा एकाच फेरीचा आहे. विमानातून उतरला तेव्हाच ती फेरी झाली. आता बाहेर पाऊल टाकलं की व्हिसा संपला. परत आत यायचं तर परतीचा परवाना आधी काढायचा असतो. काढलाय?"

"पण तारीख आहे ना! नऊ ऑगस्टपर्यंत तारीख आहे."

"ती आत राहायची तारीख आहे, ताई. बाहेर हिंडून यायची नव्हे."

"मग द्या की परवाना. आम्ही थांबतो."

"तो शहरातल्या कचेरीत. आज शनिवार, उद्या पौर्णिमा, परवा आपला वर्षावास बसतो, मंगळवारी बदली सुट्टी. बुधवारी या."

बुधवार. फिकुनने मनातल्या मनात तो शब्द उलटापालटा करून पाहिला. तिला त्यातून काही निघेना. पलीकडे, लाओसच्या व्हियेंतियानमध्ये, भिक्खू उद्या पौर्णिमेलाच वर्षावासाला बसणार. एकदा ते बसले की तीन महिने लग्नाचा दोरा कुणी कुणाच्या मनगटाला बांधत नाही. तिथल्या मोठ्या मावशीने म्हणूनच तर आजचा दिवस धरला होता. आणि तीन महिने थांबायला खिमलाल होता कुठे? नऊ ऑगस्टला तो काठमांडूला, तिथून पुन्हा कोरियाला, दोघं राबत होती त्याच शेतावर, चार वर्षं दहा महिन्यांच्या नव्या करारावर. फिकुनचा स्वतःचा करार संपलेला. तिला पुन्हा घेणार नव्हते. जिल्ह्याच्या कचेरीत सही झाली होती, कागदावर ती त्याची बायको होती, पण कागद म्हणजे कागद. आईकडच्या माणसांत ज्याच्या मनगटाला दोरा नाही तो जावई नव्हे, घरी येऊन जेवून गेलेला कुणीतरी परका. आणि आईच्या जागी दोरा बांधणारं माणूस म्हणजे आता एकच, मोठी मावशी, वय ब्याऐंशी. चार वर्षं दहा महिने हा आकडा मावशीच्या वयाशेजारी ठेवून बघायचं धाडस फिकुनने आजवर केलं नव्हतं. आत्ता, काचेसमोर, ते आपोआप झालं.

चूक तिचीच होती. हे तिला लख्ख कळलं, आणि कानशिलं तापली. खिमलालने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. लाओसचा व्हिसा काढायला ते दोघं खोनकेनच्या वकिलातीत दोन दिवस घालवून आले, पासपोर्टात तो व्हिसा अख्खं पान अडवून बसला, तेव्हाही त्याने बोट ठेवून विचारलं होतं, "हा जायचा. यायचा कुठला?" आणि तिने ऐटीत त्याचं बोट मागच्या पानावर नेऊन ठेवलं होतं: "हा. तारीख बघ." शेजारच्या मालीवनने तिला तसंच सांगितलं होतं. मालीवनचा नवरा जर्मन, दर दोन महिन्यांनी पलीकडे जाऊन बिअर पिऊन येतो. "तारीख आहे ना? मग झालं की. आम्ही कधी कुणाला विचारत नाही." मालीवनच्या नवऱ्याचा पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा, पोट वेगळं, पण परदेशी नवऱ्याच्या बाबतीत आमच्या गल्लीत मालीवन बोलेल ती पूर्व दिशा. शिवाय फिकुन या मातीतली. परक्या देशात वाट दाखवण्याची पाळी प्रथमच तिची आली होती. कोरियात सहा वर्षं दोघंही सारखेच आंधळे होते, इथे तिला डोळे होते, आणि त्या डोळ्यांनी तिने तारीख तेवढी वाचली.

खिमलाल तिच्याकडे बघत होता. त्या दोघांची भाषा कोरियन, तीही मिर्यांगच्या शेतावरच्या प्लास्टिकच्या तंबूत शिकलेली. तिळासारख्या वासाची भाजीची पानं खुडताना मालक जे ओरडेल ते यांचं व्याकरण. लवकर. इकडे. झालं का. जेवलास का. दहा पानांची जुडी. त्या तेवढ्या शब्दांत त्यांनी प्रेम केलं होतं, भांडणंही केली होती. एकदा तंबूतला हीटर बंद पडला, बाहेर उणे अकरा, तेव्हा हाच माणूस पेटीवर बसून तिच्या काळ्याहिरव्या झालेल्या बोटांवर फुंकर घालत म्हणाला होता, "लवकर. लवकर. लवकर." दुसरा शब्दच सापडत नव्हता त्याला. फिकुनला त्या दिवशी कळलं, की हा माणूस आपला. आता ती त्याला या तेवढ्याच शब्दांत कसं सांगणार, की मी तुला जवळजवळ घालवलं होतं?

"तू बाहेर. मग आत नाही," ती म्हणाली.

त्याने पासपोर्टकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं. "तू?"

"मी दोन्ही."

"मग मावशी?"

त्याने मावशी हाच शब्द आधी काढला. एक क्षण, अगदी एकच, तिला वाटलं, मारू दे शिक्का. जाऊ दे. दोघं पलीकडे, दोरा बांधून घेऊ, मग बघता येईल. त्या विचाराने तिच्या अंगावर आनंदाचा काटा आला, उंचावरून नदीत उडी मारण्याआधी येतो तसा. आणि त्याच क्षणी तिला आई आठवली. पंचाहत्तर सालच्या एका संध्याकाळी आई पलीकडून अशीच निघाली होती. वय सतरा, हातात भाताची करंडी, होडीवाल्याला म्हणाली, दोन दिवसांत येते. अलीकडे सीच्यांगमाईच्या घाटावर उतरली आणि मागे सरकार पालटून नदी बंद झाली. पुढची कितीतरी वर्षं समोर, हाकेच्या थोड्याच पलीकडे, बहिणीच्या, म्हणजे मोठ्या मावशीच्या, घराचं छप्पर दिसायचं, चुलीचा धूर दिसायचा, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा वाऱ्यावर यायचं. रोज संध्याकाळी आई घाटाच्या पायरीवर बसायची आणि लहानगी फिकुन तिच्या मांडीवरून बघायची: पलीकडे दोरीवर पिवळं लुगडं वाळत घातलंय का? पिवळं असलं की सगळं ठीक. मग आई उठून आपलं पिवळं दोरीवर टाकायची. पूल झाला तोवर आईचे केस पिकायला लागले होते. एका फेरीचं निघणं म्हणजे काय, हे फिकुनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"नको," ती काचेत तोंड घालून म्हणाली. "मारू नका. त्याचा नको."

बाईने शिक्का बाजूला ठेवला. "शहाण्या आहात," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, आमच्या ईसानच्या, गावाकडच्या बोलीत, "गेल्या महिन्यात एकाचा मारावा लागला. पोरगी इकडे रडते, तो तिकडे. मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

बाजूच्या बाकावर बसून फिकुनने मावशीला फोन लावला. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज, मग कोंबडा, मग मावशी. "निघालात का? अंडी उकडलीत. बारा माणसं येऊन बसलीत आणि तुझा मामा आत्ताच दुसरी बाटली उघडतोय." फिकुनने सांगितलं. सांगताना ती रडेल असं तिला वाटलं होतं, पण रडण्याऐवजी शब्द भराभर पडत गेले.

"मग त्यात रडायचं काय आहे?" मावशी म्हणाली.

"मी रडत नाहीये."

"शर्ट आण त्याचा."

"काय?"

"शर्ट, शर्ट! अंगातला. धुतलेला आणशील तर दारातून परत पाठवीन. घामाचा हवा. तू कोरियात होतीस तेव्हा तुझ्या आईने दर नव्या वर्षाला काय केलं? तुझा शाळेतला ब्लाउज ताटापुढे ठेवला आणि त्याच्या बाहीला दोरा बांधला. तू नीट परत आलीस की नाही? मग!"

फिकुनला हे माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा ती तंबूत पानं मोजत होती. आईच्या कपाटात तो ब्लाउज सापडला, बाहीला मळकट दोऱ्यांचा गुंता, तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारपणी काहीतरी शिवायला घेतलं असेल आणि राहून गेलं असेल. ती बाकावरून एकदम उठली. अंगात परत तीच पहाटेची लहर आली, उलट जास्तच, आणि ती खिमलालसमोर उभी राहून म्हणाली, "काढ."

"काय?"

"शर्ट. लवकर."

भर रांगेसमोर तो बटणं काढायला लागला. आत छिद्रं पडलेली पांढरी बनियन होती. तिने सकाळी बजावलं होतं, ही घालू नको, आणि याने तीच घातली होती. रांगेतल्या मेणबत्तीवाल्या म्हातारीने विचारलं, "काय गं, पोलीस कपडे पण काढून घ्यायला लागले का?" सगळे हसले. खिमलाल काही न कळता हसला. मग फिकुनने तोडक्यामोडक्या शब्दांत त्याला सांगितलं: माणूस नाही, शर्ट, शर्टाला दोरा. तो विचारात पडला. "आमच्याकडे टिळा लावतात," तो म्हणाला. "शर्टाला कुठे लावणार?" आणि तो ओला, गरम, पोपटी गोळा त्याने तिच्या हातात दिला. घामाचा वास, त्याच्या खाली थोडा लसणाचा, आणि अजून त्या कोरियन पानांचा, जो सहा वर्षांनी कातडीत मुरला होता. "मी इथेच," तो म्हणाला, बाकावर थाप मारून. "जेवायच्या वेळेला परत."

बाईने तिच्या पासपोर्टावर धाडकन शिक्का मारला.

पुलावरून बस निघाली तेव्हा फिकुनने शर्ट मांडीवर ठेवला, मग उचलून छातीशी धरला. आषाढातली नदी खाली तांबडी, फुगलेली, मोठमोठे ओंडके वाहवत नेणारी. या पुलावरून ती वीस वेळा गेली असेल, साबण आणायला, मावशीला औषधं द्यायला. पण आज तिचं काळीज असं उडत होतं, की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं तिला वाटलं. भीती होती का ती? थोडी होती. पण भीतीवर साय धरावी तसा आनंद होता, आणि तो कशाचा हे तिला सांगता येईना. पलीकडच्या नाक्यावरच्या माणसाने पिशवीत काय आहे विचारलं. "भात आणि मिठाई." हातात काय आहे? "शर्ट." विकायचा आहे का? "नाही, नवऱ्याचा." तो गोंधळून म्हणाला, जा.

मावशीच्या घरी अंगणात चटई घातली होती. मधोमध केळीच्या पानांचा उंच मनोरा, त्यात झेंडू, आणि टोकापासून लोंबणारे पांढरे दोरे. भोवती बारा नव्हे, वीस माणसं. मावशी पुढे आली, खुजी, वाकलेली, पण डोळे सुईसारखे. तिने फिकुनला बघितलंच नाही, शर्ट हातात घेतला, नाकाला लावला, आणि म्हणाली, "कष्टाळू आहे." मग तो चटईवर फिकुनच्या उजव्या अंगाला ठेवला, बसलेल्या माणसासारखा, कॉलर वर, बाह्या पुढे. बाह्या पुन्हा पुन्हा घरंगळत होत्या, तेव्हा मामाने त्यांत कण्हेरीच्या काटक्या घातल्या.

मंत्र म्हणणाऱ्या आजोबांनी डोळे मिटले. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात. डोळ्यात एक, गुडघ्यात एक, केसात, नखात, प्रत्येकाला वाट फुटते आणि तो भरकटतो. त्यांना एकेकाला हाक मारून घरी बोलवायचं. या रे, रानात असाल तर रानातून या, नदीत असाल तर नदीतून या. "थंड देशात असाल तर थंड देशातून या," आजोबांनी मध्येच घातलं, कारण मावशीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. "प्लास्टिकच्या घरात असाल तर तिथूनही या. पुलाच्या पलीकडे बाकावर बसला असाल तर उठा."

"बत्तीस जण आहेत," मामा बाटली सावरत म्हणाला. "सगळ्यांचे व्हिसे काढलेत का?"

अंगण खदखदा हसलं. आजोबा एक डोळा उघडून त्याच्याकडे बघून पुन्हा मंत्राला लागले. फिकुनसुद्धा हसत होती, आणि हसता हसता तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि तिला दोन्हींतलं काहीच थांबवायचं नव्हतं. एकेक जण गुडघ्यावर पुढे सरकला. आधी तिच्या मनगटाला दोरा, मग शर्टाच्या बाहीला. पोरं होऊ देत. पोट भरू दे. लांब असलात तरी एका स्वप्नात झोपा. उकडलेलं अर्धं अंडं तिच्या तळहातावर, उरलेलं अर्धं पोपटी बाहीच्या तोंडाशी. मावशी सगळ्यांच्या शेवटी आली. तिने बाहीतल्या काटक्या काढल्या, दोन्ही बाह्यांची तोंडं वेगवेगळी आवळून दोरा सात वेळा गुंडाळला, आणि अशी गाठ मारली की तिच्या ओठावर दात रुतले. "तीन दिवस सोडायची नाही," ती म्हणाली. "कापायची तर अजिबात नाही." मग तिने खिशातून एक जुना दोरा काढला, मळका, आणि तो गाठीत अडकवला. "हा तुझ्या आईच्या मनगटावरचा. नव्याबरोबर राहू दे."

जेवणं झाल्यावर फिकुन तिला शोधत मागच्या दारी गेली. मावशी नदीच्या कडेला उभी होती, आणि दोन बांबूंमधल्या दोरीवर तिने शर्ट टाकला होता. वाऱ्याने तो फुगत होता. पलीकडे सीच्यांगमाईचा घाट, पायऱ्या, तिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

"मावशी, आता तिकडे कोण आहे बघायला?"

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "माझं डोकं ठिकाणावर आहे. पण पिवळं रोज दाखवायचे, आज हे दाखवलं. जावई कसा आहे ते तिला नको का कळायला?" तिने वाऱ्याने उलटलेली कॉलर सरळ केली. "रंग मात्र भयंकर आहे गं."

दोघी तिथे उभ्या राहिल्या. शर्ट फडफडत राहिला. निघताना फिकुन तो पिशवीत घालायला लागली तशी मावशी तिच्यावर खेकसली, पिशवीत कोंबतात का नवऱ्याला, गुदमरेल तो. अंगावर घेऊन जा. म्हणून फिकुनने तो आपल्या रेशमी ब्लाउजवरून पाठीवर घेतला आणि बांधलेल्या बाह्या गळ्यापुढे धरल्या. अशी ती बसमध्ये बसली, अशीच पूल ओलांडून आली, आणि काचेपुढे उभी राहिली. सकाळचीच बाई होती, पाळी संपत आलेली, डोळे लाल. तिने दोऱ्यांकडे पाहिलं, बाहीला चिकटलेल्या अंड्याच्या कणाकडे पाहिलं.

"किती जण?" तिने विचारलं.

"एक," फिकुन म्हणाली. मग तिला राहवेना. "एक आणि बत्तीस."

बाईच्या गालातलं ते काहीतरी आता अख्ख्या चेहऱ्यावर आलं. "या आत," ती म्हणाली आणि शिक्का मारला.

खिमलाल त्याच बाकावर होता, त्याच बनियनमध्ये. शेजारी मेणबत्तीवाली म्हातारी त्याला आपल्या बोलीत काहीतरी भराभर सांगत होती आणि तो मान डोलावत होता. फिकुनला बघून तो उठला. ती धावली नाही, पण चालताना तिचे पाय एकमेकांत अडकले. तिने शर्ट उलगडून धरला, लहान मुलापुढे धरतात तसा, आणि त्याने पाठ वळवून दोन्ही हात बाह्यांत घातले. हात आत गेले, कोपरापर्यंत, मनगटापर्यंत, आणि तिथेच थांबले. त्याने रेटा दिला. बाह्यांची टोकं मुठीएवढी फुगली, पण बोटं काही बाहेर येईनात. त्याने दोन्ही हात तोंडासमोर धरून त्या गुंत्याकडे, नव्या पांढऱ्या दोऱ्यांतल्या त्या एका मळक्या दोऱ्याकडे पाहिलं.

"सोडू?" त्याने विचारलं.

"तीन दिवस नाही."

"तीन दिवस?" तो खरोखरच घाबरला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. "मग जेवू कसा?"

फिकुनने भाताची करंडी बाकावर ठेवली, झाकण काढलं, बोटांनी एक घास वळला.

"लवकर," ती म्हणाली. "तोंड उघड."